पाय टेकला नाही

"पडलंय, पण पाय टेकलो नाय हां, सिस्टर."

कोपर, गुडघा, एकदा तर हनुवटी सोलून तो गिरणीच्या दवाखान्यात यायचा आणि स्टुलावर बसायच्या आधी हे सांगायचा. मी टिंक्चर लावायची. इतर कामगार टिंक्चरला ओरडत. हा ओरडायचा नाही, त्याऐवजी खडक कसा होता ते सांगायचा. ओरडला असता तर माझा वेळ वाचला असता.

लालबागच्या त्या गिरणीत तो फिटर होता. मालवणकडचा, वय चाळिशीच्या आसपास. लढाईच्या काळात लष्कराच्या मोटार वर्कशॉपमध्ये होता. तिथले साहेब रविवारी मोटारसायकली घेऊन दगडधोंड्यांतून, ओढ्यातून जात. त्याला ते ट्रायल म्हणत. वेगाला त्यात काही किंमत नाही. हळू जायचं, पण पाय जमिनीला लागला की गुण गेला. याने ते पाहिलं आणि ते डोक्यात घेऊनच तो घरी आला. एकदा तरी स्वतःच्या गाडीवर ट्रायलमध्ये उतरायचं, एवढंच त्याला हवं होतं. एखादी गोष्ट अशी डोक्यात बसलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांची ती तिथेच राहते.

याने गाडी घेतली. कॉटन ग्रीनच्या एका गोदामात लष्कराच्या जुन्या मोटारसायकली विकायला होत्या. इंग्रजी कागद वाचायला त्याने मला नेलं. त्याची बायकोही आली. मोठ्या, दांडग्या गाड्या स्वस्तात होत्या, कारण पेट्रोल पिणारी गाडी कोणालाच नको होती. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. लहान गाड्यांचं मागचं चाक तो एकेक करून उचलून बघत होता. मग एकीच्या पायठेवणीवर उभा राहिला. गाडी बंद, जागच्या जागी, आणि हा तोल सांभाळून उभा.

गोदामवाला म्हणाला, "अहो, इंजिनाचं तरी विचारा. हिला दिवा पण नाही."

"दिवो नाय तर वजन कमी," हा वरूनच म्हणाला.

तीच घेतली. नंतर तिचे मडगार्ड काढले, कॅरिअर काढलं, मागच्या चाकाला मोठं दातेरी चक्र बसवलं. त्यामुळे गाडीत ओढ आली, पण ती माणसाच्या चालीने चालायला लागली. काळाचौकीच्या त्याच्या चाळीत पोरं तिच्या शेजारून चालत आणि तिला मागे टाकत. बायको म्हणायची, "गाडी घेतल्यानी आणि चलत जातत."

अँटॉप हिलच्या उतारावर तो सराव करी. मित्र गुण मोजताना त्याला सांभाळून घेत, म्हणून एका रविवारी त्याने मला नेलं. "सिस्टर, तुम्ही माया करूची नाय." केली नाही. पहिल्या दिवशी मी वहीत पाय टेकल्याच्या अकरा फुल्या मारल्या. त्याने वही पाहिली, मान हलवली आणि बायकोने आणलेली भाकरी खाल्ली. दोन वर्षं तो असाच पडत राहिला. फुल्या कमी झाल्या, जखमा वाढल्या. पाय टेकला असता तर जखम टळली असती, हे मी त्याला सांगून पाहिलं. पण तो टेकायचा नाही.

शेवटी मुंबईबाहेरच्या एका डोंगरावर रविवारी ट्रायल ठरली. त्याने नाव दिलं. ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आदल्या शनिवारी लालबागचा रस्ता दगड, पिंपं आणि उलटवलेल्या हातगाड्यांनी भरून गेला. दुपारी चौघांनी एका विणकराला उचलून दवाखान्यात आणलं. मांडीला खोल जखम होती. मी पट्टा आवळून बांधला, पण रक्त थांबेना. फोन केला तर अँब्युलन्स येऊ शकत नाही म्हणाले. परळचं हॉस्पिटल फार लांब नव्हतं, पण त्या दिवशी होतं.

आमचा फिटर आपली गाडी घेऊन आला. विणकराला सीटवर बसवलं. एका बाजूने मी त्याला धरलं. दुसऱ्या बाजूने हा हँडल आणि क्लच धरून चालू लागला. एरवी जिची चाल पाहून सगळे हसत, ती गाडी आमच्या पावलाने दगडांवरून चढत, उतरत, बंद न पडता गेली. अश्रुधुराने डोळे झोंबत होते. कोणीतरी ओरडलं, कोणीतरी येऊन एक पिंप बाजूला केलं. हॉस्पिटलच्या दारात जळका वास आला.

"क्लच गेलो," तो म्हणाला.

"उद्याचं काय?"

"उद्याचा काय आता?" मग आपल्या चपलांकडे बघत म्हणाला, "आज दोन्ही पाय टेकले, सिस्टर. सगळ्या रस्त्यार."

विणकर वाचला. त्या गाडीच्या क्लचच्या पट्ट्या मिळायला आठ महिने लागले. पुढच्या वर्षी ट्रायल झालीच नाही. नंतर महाराष्ट्र झाला आणि त्याच उन्हाळ्यात गावाकडे त्याचा थोरला भाऊ वारला. शेत बघायला कोणी उरलं नाही. त्याने गिरणी सोडली.

मी भाऊच्या धक्क्यावर गेले होते. बायको बोचकी घेऊन बोटीवर चढलेली. गाडी चढवायला हमाल आले, तर याने त्यांना बाजूला केलं आणि किक मारली. खलाशी ओरडत राहिला. बोटीवर चढायची फळी अरुंद होती, तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, खाली काळं पाणी. तो पायठेवणीवर उभा राहून एकेक पट्टी पार करत गेला. मधोमध गाडी अडखळली, डाव्या बाजूला झुकली, सावरली, वर गेली.

वरून त्याने कठड्याशी येऊन विचारलं, "सिस्टर, टेकलो काय?"

मी खोटं बोलत नाही. दवाखान्यात मरणाऱ्या माणसाशीही खोटं बोलले नाही.

"नाही," मी म्हणाले.

तो हसला आणि गाडी बांधायला दोर शोधू लागला. त्यानंतर तो मला कधी भेटला नाही.

टेकला होता. डाव्या चपलेचं टोक, चौथ्या पट्टीवर.