निशा सिस्टर ‘या’ म्हणत नाहीत

पुण्यात ‘येऊ नका’ हे पाटीवर लिहायची पद्धत आहे, तोंडावर म्हणायची नाही. तोंडावर, तेही हसून म्हणायची ती निशा सिस्टर. सिंहगड रस्त्यावरच्या एका खासगी रुग्णालयात ती पुरुषांच्या वॉर्डात होती. पेशंट घरी निघाला की नातेवाईक पेढ्यांचा पुडा पुढे करत, पेशंट घरचा शर्ट चढवून उगाच बटणांशी खेळत बसे, आणि निशा त्याच्या मनगटावरचा कापूस शेवटचा दाबून म्हणे, “आता परत येऊ नका.” नवखा माणूस चपापायचा. मग शेजारच्या खाटेवरचा कुणी मुरलेला पेशंट त्याला बजावायचा, अहो, ‘नाही येत, सिस्टर’ म्हणा, त्याशिवाय सोडत नाहीत. तो म्हणायचा, वॉर्ड हसायचा आणि माणूस एकदाचा घरी जायचा.

ही रीत तिची नव्हती, मालनबाई नावाच्या जुन्या मेट्रनची होती. घरातून निघणाऱ्याने ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं. आणि वॉर्डातून निघालेल्याला ‘या’ म्हणू नये, असं त्या प्रत्येक नव्या मुलीला सांगत. निशाने तेव्हा ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. पहिल्याच वर्षी सीताराम नावाचे एक निवृत्त बसड्रायव्हर बरे होऊन निघाले, तेव्हा ती कौतुकाने म्हणाली, काका, या कधीतरी. काका आठवडा जायच्या आत आले, स्ट्रेचरवरून आले, आणि त्यांचे डोळे तिनेच मिटले. ही अंधश्रद्धा आहे हे तिलाही कळतं. कळून काय उपयोग? त्या दिवसापासून निघणाऱ्या पेशंटला ‘या’ म्हणायला तिची जीभ वळली नाही.

घर धायरीत. ज्या वावरात आजोबांचा कांदा व्हायचा तिथे आता इमारती उभ्या आहेत आणि कांदा त्यांच्या तळमजल्यावर विकायला असतो. भाऊ इंद्रजीत प्लॉटिंगच्या धंद्यात. त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर घराण्याचं नाव ठळक होतं, आणि त्या घराण्याची मुलगी लोकांची घाण काढते हे त्याला कुठे बोलता येत नसे. वडील गेनबा, म्हणजे तात्या, तेही काही कमी नव्हते. गावात कुणी विचारलं, पोरगी काय करती, तर म्हणत, हास्पिटलात हाय, हापिसात. एकदा चारचौघांत निशाने ते ऐकलं आणि तिथल्या तिथे म्हणाली, हो, आमच्या ऑफिसात फायलींऐवजी बेडपॅन असतात. आई बायडाबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. हसली की रडली ते कळलं नाही.

स्थळंही येत. नऱ्ह्याच्या एका टायरवाल्याने पोहे खाता खाता विचारलं, लग्नानंतर नोकरी सोडणार ना? निशा म्हणाली, तुम्ही दुकान बंद करणार असाल तर मीही विचार करीन. स्थळ चहा अर्धा टाकून उठलं. इंद्रजीतने बरेच दिवस अबोला धरला, तेवढीच घरात शांतता.

मग एका हिवाळ्यात तात्यांना न्यूमोनिया झाला आणि ते नेमके तिच्याच वॉर्डात आले. पोरीने आपलं अंग पुसायचं, भांडं द्यायचं, या कल्पनेनेच ते भिंतीकडे तोंड करून पडले. निशाने पडदा ओढला आणि खालच्या आवाजात सांगितलं, इथे मी सिस्टर आणि तुम्ही पेशंट, नातं काय ते धायरीत. हळूहळू तात्या कूस बदलू लागले. पडल्या पडल्या बघत राहिले. डॉक्टर यायच्या आधी लोक हिची वाट बघतात, कुणाच्या श्वासाचा आवाज बदलला तर ही टेबलावरून मान वर करते, आणि पैलवानासारखा माणूस सुईच्या भीतीने हिचा हात धरून बसतो, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. घरी सोडायच्या दिवशी तिने त्यांनाही सोडलं नाही. म्हणाली, तात्या, आता परत यायचं नाही. तात्यांचा चेहरा पडला. त्यांच्या देखत वॉर्डातून अजून कुणी घरी गेलं नव्हतं, पोटची पोर असं का म्हणते ते त्यांना कळेना. शेजारच्या खाटेवरच्या रंगनाथ गुरुजींनी त्यांना रीत समजावली: बऱ्या झालेल्याला ‘ये’ म्हणत नाहीत, तो आशीर्वाद असतो.

“न्हाई येत, सिस्टर,” तात्या म्हणाले. लेकीला त्यांनी पहिल्यांदा सिस्टर म्हटलं होतं.

त्यानंतर पारावर कुणी विचारलं की ते नर्स हाय म्हणून सांगू लागले. इंद्रजीत मात्र होता तिथेच होता.

जर्मनीचं वेड याच सुमारास निशाच्या डोक्यात शिरलं. तिथल्या एका रुग्णालयाने व्हिडिओवर मुलाखत घेऊन तिला पसंत केलं होतं. पण परिचारिका म्हणून तिथे नोंदणी व्हायची तर भाषेची परीक्षा पास हवी, पेशंटशी बोलण्याच्या तोंडी परीक्षेसकट. नाहीतर इथली सीनियर सिस्टर तिथे नुसती मदतनीस. लोक म्हणत, काय कमी आहे गं तुला इथे? तिला पळून जायचं नव्हतंच. जिथे तिचं काम तिच्या नावापुढे सरळ लिहिलं जातं, ‘हापिस’ म्हणून झाकलं जात नाही, अशा जागी तिला एकदा उभं राहायचं होतं. एवढं मागणं जास्त आहे असं ज्याला वाटतं त्याने महिनाभर रात्रपाळी करून बघावी.

ड्यूटी संपली की ती कसबा पेठेत हेमाताईंच्या क्लासला जाई. तांबट आळीत जिन्यावर खोली, खाली तांब्याचे हंडे ठोकणं चालू, आणि वर त्या ठणठणाटात जर्मन ऐकण्याचा सराव. दारावर पाटी होती: ‘चपला रांगेत काढाव्यात. जर्मनी इथूनच सुरू होते.’ हेमाताई जन्मभर एका कारखान्यात जर्मन कागदांचं भाषांतर करून निवृत्त झाल्या होत्या. त्या कुणाची स्तुती करत नसत. कुणी बरं बोललं तर ‘हं’ म्हणत, आणि त्या ‘हं’साठी मुली जीव टाकत.

पहिल्या परीक्षेत निशा नापास झाली. लेखी उत्तम, ऐकणं उत्तम, बोलण्यात गेली. परीक्षक खोटी खोटी पेशंट झाली होती आणि निशाने तिला घरी सोडायचं होतं. औषधं, टाके, आहार, सगळं निशाने नीट सांगितलं, आणि शेवटी सवयीने, हसून, चोख जर्मनमध्ये म्हणाली, कृपया परत येऊ नका. शेरा आला: रुग्णाशी उद्धट वर्तन.

“तुम्ही पेशंटला हाकलून दिलंत,” हेमाताई म्हणाल्या.

निशाने मालनबाईंची रीत सांगितली. हेमाताईंनी चष्मा पुसत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, छान आहे, पण परीक्षकबाईंना मालनबाई माहीत नाहीत. तिथे निरोपाचा शब्द ठरलेला, ‘आउफ वीडरझेएन’, म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. तो म्हणावा आणि मोकळं व्हावं. निशा म्हणाली, पुन्हा भेटेपर्यंत? वॉर्डात? तेच तर नको. हेमाताईंनी ‘शुभेच्छा’ म्हणायचा पर्याय दिला. निशाने तो घोकला, आणि तरी सरावात दर वेळी तिच्या तोंडून तेच वाक्य निघे. शेवटी ती चिडून म्हणाली, मी त्यांची भाषा शिकतेय, त्यांचं व्याकरण शिकतेय, अगदी चपलासुद्धा रांगेत काढतेय. पेशंटला निरोप कसा द्यायचा ते मला येतं. ते मी विसरणार नाही.

“मग ते नीट समजावून सांगण्याइतकं जर्मन शिका,” हेमाताई म्हणाल्या. “अर्ध्या वाक्यावर थांबलात म्हणून उद्धट ठरलात.”

जर्मनीहून निरोप आला होता की आणखी एका परीक्षेपर्यंत जागा राखून ठेवू, त्यापुढे नाही. इंद्रजीतला ते कळलं तेव्हा त्याला मनापासून आनंद झाला. फिटली का हौस, असं त्याने जेवताना विचारलं. निशाने त्याच्या पानात भाकरी वाढली आणि सांगितलं, पुन्हा बसतेय.

दुसऱ्या वेळी समोर दुसरी परीक्षक होती, पिकल्या केसांची, पेशंट म्हणून खुर्चीत वाकून बसलेली. शेजारी एक जण गुण लिहायला. औषधं झाली, टाके झाले, आहार झाला. ‘शुभेच्छा’ जिभेच्या टोकावर होतं, म्हटलं असतं तर सुटली असती. तिने त्या बाईच्या मनगटाकडे पाहिलं, आणि म्हणाली, कृपया परत येऊ नका.

लिहिणाऱ्याचं पेन थांबलं. पेशंट झालेली बाई जरा सरळ बसली आणि तिने विचारलं, म्हणजे काय, सिस्टर?

निशा म्हणाली, आमच्याकडे बऱ्या झालेल्या माणसाला वॉर्डात पुन्हा भेटू असं म्हणत नाहीत. तुम्ही मला बाजारात भेटा. चालत या, हातात पिशवी घेऊन या, मला ओळखलं नाही तरी चालेल. पण या खाटेवर तुम्ही मला परत दिसायला नको. मी तुमच्यासाठी एवढंच मागते. वाक्यं तुटत होती, पण या वेळी ती मध्ये थांबली नाही. खाट मराठीत ‘ती’, म्हणून जर्मनमध्येही तिने तिला ‘ती’ करून टाकलं, आणि ते चुकलं हे तोंडातून निघाल्यावर लक्षात आलं.

निकाल लागला. पास. हेमाताईंनी तिच्याकडून संभाषण शब्दन् शब्द वदवून घेतलं आणि म्हणाल्या, खाट नपुंसकलिंगी आहे. मग खिडकीकडे बघत ‘हं’ म्हणाल्या. निशा जिन्यात बसून रडली, खाली हंडे ठोकत होते म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

घरी मात्र आता खरी ठिणगी पडली. नापास होणारी बहीण इंद्रजीतला चालत होती, जाणारी चालेना. लोक काय म्हणतील, एवढ्या मोठ्या घराची पोरगी परदेशात जाऊन म्हाताऱ्यांची लंगोटं बदलते? निशा म्हणाली, म्हणू देत, इथे बदलत होते तेव्हाही म्हणतच होते. बायडाबाई मधे पडायला गेली, पण तोवर त्याचा तोल गेला होता.

“गेलीस तर परत येऊ नकोस,” तो म्हणाला. “या दारात तर नाहीच.”

“बरं,” निशा म्हणाली, आणि बॅग भरायला गेली. तात्या ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. ते काही बोलले नाहीत, आणि निशाला भावाच्या बोलण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दारात आली. इंद्रजीतची नव्हे, तिने मागवलेली. आईने हातावर दही घातलं. इंद्रजीत दाराच्या चौकटीला टेकून मोबाइलमध्ये बघत उभा होता. निशा तात्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, “येते, तात्या.”

यावर ‘ये’ म्हणायचं असतं. कुठल्याही घरात, कुठल्याही भांडणात, एवढं म्हणतातच.

“परत येऊ नगंस,” तात्या म्हणाले.

बायडाबाईच्या हातातली दह्याची वाटी कलंडली. इंद्रजीतने मोबाइलमधून मान वर केली. बापाने आपलीच री ओढली असं वाटून तो क्षणभर खुलला, आणि मग बापाचा चेहरा बघून बावचळला. निशाही वाकल्या जागी थिजली. तिने वर पाहिलं. तात्या उत्तराची वाट बघावी तसे तिच्या तोंडाकडे बघत होते.

“बऱ्या झालेल्याला ये म्हनत नसत्यात,” ते म्हणाले. “भेटायचं तर आमीच यिऊ की. काय म्हनायचं आसतंय, इसरलीस व्हय?”

निशाला हसू आणि रडू एकदमच आलं. ती उभी राहिली, पदवी घेताना राहिली नसेल इतकी ताठ.

“नाही येत, तात्या,” ती म्हणाली, आणि बॅग उचलून त्याच दारातून बाहेर पडली.