मागचे दिवे मी बंद ठेवले होते

माझ्या मित्राचा मुलगा आता तिशीच्या पुढे गेला आहे. आपले वडील गाडीचे दिवे लावायला विसरले आणि त्यामुळे गेले, असं तो लहानपणापासून समजून आहे. त्याला तसं सांगणारा मीच होतो. ते खोटं होतं. मला सत्याहत्तरावं चालू आहे आणि खरं काय घडलं ते सांगू शकेल असा दुसरा कुणी आता उरलेला नाही.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजमध्ये मी बावीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझं काम म्हणजे टेस्ट लॅम्प, वायर आणि फ्यूज. नंतर गाड्यांत कॉम्प्युटर आले, तसा आमच्या अरबाबने, म्हणजे मालकाने, एक लॅपटॉप आणि केबल आणून माझ्या हवाली केली. त्यावर आकडे बदलले की गाडीच्या सवयी बदलायच्या.

युरोपातून, कॅनडातून वापरलेल्या गाड्या शारजाच्या बाजारात येत. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचे पुढचे दिवे इंजिन सुरू होताच भर उन्हातही जळत. तिकडे तसा नियमच होता म्हणे. आमच्याकडच्या लोकांना ते नको असायचं. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर देऊन 'दिवे राहिलेत' असं सुचवायचा, त्याला ते कंटाळत. मी ते दिवे बंद करून द्यायचो. माझ्या मित्राची मागणी मात्र उलटी होती. त्याच्या गाडीला दिवसाचे दिवे नव्हते, त्याला ते हवे होते.

तो आमच्याच इमारतीत राहायचा, अजमानला, एक मजला खाली. साइट इंजिनिअर होता. दुबई मरीनाचे टॉवर तेव्हा नुकते वाळूतून वर येत होते आणि हा रोज पहाटे तिकडे निघायचा. कामात एकदम चोख. गाडीच्या दिव्यांशी मात्र त्याचं वैर होतं. महिन्यातून दोनदा तरी दिवे चालू ठेवून यायचा, सकाळी बॅटरी खलास, आणि मी बनियनवर जंपर केबल घेऊन खाली. वहिनी बाल्कनीतून म्हणायच्या, "भावोजी, आमच्या वडिलांनी लग्नात अंगठीऐवजी यांना एक बॅटरीच द्यायला हवी होती!"

त्यात एकदा स्वच्छ संध्याकाळी त्याने चुकून मागचा फॉग लॅम्प लावला. त्या जर्मन गाडीला मागे एक भडक लाल दिवा होता. तो धुक्यातच लावायचा, एरवी मागच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. पोलिसाने थांबवून दंड केला. दोनशे दिरहम, म्हणजे अडीच हजार रुपये, हे त्याने मला चारदा मोजून सांगितलं आणि म्हणाला, "यापुढे मी त्या स्विचला हातच लावणार नाही. तुझ्या त्या कॉम्प्युटरला सांग, चावी फिरवली की दिवे लागले पाहिजेत, चावी काढली की विझले पाहिजेत. मला अक्कल नाही, निदान गाडीला तरी दे."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो गाडी घेऊन आला. अरबाब नव्हता. जॉब कार्ड, म्हणजे कामाची नोंद, न करताच मी लॅपटॉप लावला. दोन आकडे होते. एकाने फक्त पुढचे दिवे लागत. दुसऱ्याने पुढचेही आणि मागचेही. मी पहिला टाकला. आमच्या उन्हात मागचे बल्ब दिवसभर जळले की होल्डर वितळतो आणि गिऱ्हाईक भांडायला येतं, म्हणून माझ्या हाताला तोच आकडा बसला होता. आमचा पठाण मेकॅनिक आकडे टाकून झाले की नेहमी गाडीमागे उभा राहून बघायचा. तो ओरडला, "उस्ताद, पीछे का तो नहीं जला!"

मी म्हणालो, "पीछे का रहने दे. दिन में कौन देखता है?"

मित्र तेव्हा टपरीवर चहा सांगायला गेला होता. पुढचे दिवे लागले, आत डॅशबोर्डही उजळला. आत बसलेल्या माणसाला सगळे दिवे लागलेत असंच वाटावं. अंधार पडल्यावर स्विच फिरवल्याशिवाय मागे काहीच लागणार नाही, हे त्याला सांगायला हवं होतं. मला ते ठाऊक होतं. तो चहा घेऊन आला आणि दिवे बघून त्याने मला मिठीच मारली. मी चहा प्यायलो.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला दोन-तीन कुटुंबं होती. तो सगळ्यांना खाली नेऊन चावी फिरवून दाखवत होता. "बघा, आमच्या उस्तादांची करामत! आता मला दिव्यांची काळजीच नाही." एकाने विचारलं, "काहीच करायचं नाही?" तो म्हणाला, "काहीच नाही. यल्ला, बसा आणि चला!"

मी शेजारी उभा होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर करामत थोडी लहान झाली असती. 'रात्री मात्र हाताने लावायचे हं' एवढंच वाक्य होतं. संध्याकाळी सांगू, असं मनाशी म्हटलं. संध्याकाळी मी झोपलो होतो.

शनिवारी पहाटे दाट धुकं होतं. जानेवारीत तिकडे पडतं तसं, बोनेटच्या पुढचं दिसत नाही असं. तो पावणेसहाला निघाला. वाळवंटातून जाणाऱ्या रस्त्यावर पुढे गाड्या तुंबल्या होत्या म्हणून त्याने वेग कमी केला आणि मागून ट्रक आला. ट्रकवाल्याने पोलिसांना सांगितलं की समोर लाल असं काहीही दिसलं नाही. ते खरंच होतं.

पोलिसांच्या यार्डात कागदावर सह्या करायला मी गेलो, कारण मला थोडं अरबी यायचं. गाडीचा मागचा भाग पुढच्या सीटपर्यंत आला होता. दिव्यांचा स्विच मात्र जसाच्या तसा होता, शून्यावर, म्हणजे बंद. पोलीस तरुण होता, हिंदीत बोलला. "फॉग में लाइट क्यों नहीं लगाया?"

मी म्हणालो, "भूल गया होगा."

हे तीन शब्द त्याच्या रिपोर्टात गेले. मी घाबरलो होतो. अरबाबच्या लॅपटॉपवर चोरून केलेलं काम. नोकरी गेली असती, व्हिसा गेला असता, माझ्या मुलींची शाळा सुटली असती. हे सगळं यार्डात उभ्या उभ्या मी मोजलं. तो तेव्हा शवागारात होता.

दहाव्या दिवशी वहिनींनी मला विचारलं, "भावोजी, पण तुम्ही तर दिवे ऑटोमॅटिक केले होते ना? मग विसरले म्हणजे काय?"

मी तयारच होतो. म्हणालो, "वहिनी, ते दिवसापुरते असतात. रात्री स्विच लावायचा असतो. मी त्याला दोनदा सांगितलं होतं."

त्यांनी मान हलवली. "तुम्ही सांगितलं असेल हो. ऐकलं नसेल त्यांनी. कधी ऐकायचे?" त्यांचा आवाज रडवेला नव्हता, चिडलेला होता.

मुलगा दहा वर्षांचा होता. सोफ्याच्या हातावर बसून ऐकत होता. म्हणाला, "अंकल, सो बाबा जस्ट फरगॉट?"

मी "हो बेटा" म्हणालो.

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी बरं. आमच्या मराठी मंडळाच्या छापील पत्रकात मी दर थंडीत गाडीविषयी चार ओळी लिहायचो. त्या वर्षी लोकांनी मुद्दाम लिहायला लावलं. धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, लो बीम लावा, मागचा फॉग लॅम्प धुकं विरलं की बंद करा, असं सगळं बरोबर लिहिलं आणि शेवटी जोडलं, 'सूचना मिळूनही क्षणभर विसर पडला, तर काय होतं हे आपण नुकतंच पाहिलं आहे.' मंडळाच्या हॉलमध्ये बायका तो कागद वाचून डोळे पुसत होत्या. वहिनींनी त्याची घडी करून पर्समध्ये ठेवली. महिन्याभराने त्या मुलाला घेऊन पुण्याला गेल्या.

त्यानंतर गॅरेजमध्ये दिवसाच्या दिव्यांची गाडी आली की मी ती दुसऱ्याकडे द्यायचो. पठाणाने मला कधी काही विचारलं नाही. गावी परत जाताना हात मिळवला आणि एवढंच म्हणाला, "उस्ताद, मैंने बोला था." तो वारल्याचं पुढे कळलं.

गेल्या मार्चमध्ये मी पुण्याला वहिनींकडे गेलो. आधी फोन केला नाही. केला असता तर गेलोच नसतो. त्यांनी कोकम सरबत दिलं, गुडघ्यांची चौकशी केली. ग्लासला हात न लावता मी सगळं सांगितलं. दोन आकडे, पठाण, चहा, शुक्रवारचं जेवण, 'भूल गया होगा'.

त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं?"

"नव्हतं."

"तुम्ही दोनदा सांगितलं होतं ना?"

"एकदाही नाही."

"निघताना मी दारातून म्हटलं होतं, धुकं आहे, दिवे लावा. तर म्हणाले, लागलेत गं." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. "इतकी वर्षं मी या माणसाशी भांडतेय, भावोजी. सणावाराला हार घालताना सुद्धा. पोराला वाढवताना प्रत्येक गोष्टीत, बापासारखा वागू नकोस, बापासारखा विसरू नकोस. आणि ते विसरलेच नव्हते."

मी माफी मागितली.

"का नाही सांगितलंत? नोकरी गेली असती, एवढंच ना?"

"एवढंच."

"हं," त्या म्हणाल्या. उठून माझा भरलेला ग्लास आत घेऊन गेल्या. परत आल्या त्या उभ्याच राहिल्या. "लिहून द्या. सगळं, जसं आत्ता सांगितलंत तसं. मोठ्या अक्षरात. त्याला मराठी धड वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन. डिसेंबरात येतोय तो."

मी म्हणालो, मी पोस्टाने पाठवतो.

"पाठवा. पण वाचेन तेव्हा तुम्ही इथे समोर बसायचं. त्याला जे विचारायचं असेल ते तो तुम्हालाच विचारेल. माझ्याकडे उत्तरं नाहीत."

मी हो म्हटलं. त्यांनी दार उघडून धरलं होतं.