वॉटफर्डची मधुरा

कागदोपत्री पाहिलं तर माझा नवरा वॉटफर्डमध्ये मधुरा नावाच्या बाईबरोबर सुखाने नांदत होता आणि मी लेस्टरमध्ये भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते. हे सगळे कागद जमवून, नीट लावून, वर रंगीत चिकटपट्ट्या डकवून वकीलबाईंकडे पोचवायचं काम माझ्या सासूबाईंनी केलं होतं. त्यांचा हेतू अगदी शुद्ध होता. (त्यांचा हेतू कायम शुद्धच असतो. म्हणून तर त्यांच्याशी धड भांडता येत नाही.)

मी पल्लवी, मूळची नाशिकची. नवरा समीर जन्माने आणि वाढीने वॉटफर्डकर. रोज गाडी हाकत ब्रॅकनेलला एका आयटी कंपनीत जातो आणि माझ्याशी फार प्रेमाने मराठी बोलतो. त्या मराठीत त्याची आई ‘आला’ असते आणि त्याचा बॉस ‘आली’ असतो, पण भावना पोचतात. सासरे मी यायच्या आधीच गेले. सासूबाई पूर्वी एका बिल्डिंग सोसायटीच्या (म्हणजे इथली घरकर्जाची बँक) काउंटरवर कामाला होत्या आणि निवृत्त होऊनही त्यांचं फाइलींवरचं प्रेम निवृत्त झालेलं नाही.

इथे इंग्लंडमध्ये बायको म्हणून आलं की सरकार लगेच कायमचं राहू देत नाही. आधी अडीच वर्षं देतं आणि मग विचारतं, काय, टिकलं का? टिकलं असेल तर पुरावे दाखवा आणि पुढची अडीच वर्षं घेऊन जा. नाशिकला माझ्या काका-काकूंचं लग्न तीस वर्षं टिकलंय, पण कुणी पुरावा मागितला असता तर काकूंनी आधी काकांकडेच मागितला असता. तर अशा या अटीवरच्या संसारात मला लेस्टरच्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला. आठवडाभर तिकडे, शनिवार-रविवार वॉटफर्ड. समीर म्हणाला, “गो फॉर इट.” सासूबाई म्हणाल्या, “शीक गं, शीक. इकडचं मी बघते.”

त्या काय काय बघणार आहेत, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

आता मधुरा कोण, ते सांगते. आमचं लग्न नाशिकला झालं. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं असतं. सासूबाईंना मुलगी झाली तर तिचं नाव मधुरा ठेवायचं होतं. झाला समीर. त्यामुळे ते नाव इतकी वर्षं घरात पडून होतं, ते माझ्या वाट्याला आलं. माझा स्वभाव ज्यांना माहीत होता ते माहेरचे लोक खाली मान घालून हसले. मी मात्र आनंदाने हो म्हटलं. मला वाटलं, तांदळातलं नाव, तांदळाबरोबर जाईल. त्या तांदळाचा दुसऱ्याच दिवशी भात झाला, नाव मात्र मुरलं.

आणि त्याच वेळी दुसरा घोटाळा झाला. गुरुजींनी समीरच्या हातात अंगठी दिली, आणि सगळ्या मांडवाच्या लक्षात आलं की नवरदेवाला मराठी लिहिता येत नाही! समीरने जरा विचार केला आणि दातांत जीभ धरून, मोठमोठ्या इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ‘मधुरा’ लिहून टाकलं. मांडव हसून लोटपोट झाला. फोटोग्राफरने आम्हा दोघांसकट ताटाचा अगदी जवळून फोटो घेतला. सासूबाईंचा चेहरा उतरला आणि पुढे तो फोटो अल्बममधून गायब झाला. त्याचा विषय घरात काढायचा नाही, हे मला कुणी न सांगताही कळलं होतं.

वॉटफर्डला सासूबाई मला मधुराच म्हणत. त्यात काही बिघडत नव्हतं. पण मी लेस्टरला गेले आणि मधुराने घरात चांगलाच जम बसवला. मराठी मंडळाचं सभासदत्व समीर आणि मधुराच्या नावावर. सुपरमार्केटचं कार्ड मधुराचं. बुधवारच्या योगवर्गात नाव मधुराचं. दिवाळीला मंडळात बेसनाच्या लाडवांचा डबा गेला तोही मधुराच्या हातचा. मला लाडू वळता येत नाहीत. मी केलेला एक लाडू समीरच्या हातातून फरशीवर पडला होता, तेव्हा आम्ही आधी फरशी तपासली होती. त्यामुळे मंडळाच्या अध्यक्ष लेलेकाकूंचा ‘मधुराचे लाडू अप्रतिम’ असा मेसेज आला, तेव्हा मी सासूबाईंच्या फोनवरून ‘थँक यू काकू’ असं उत्तर पाठवून दिलं. आयतं मिळणारं कौतुक कोण सोडतं?

मंडळात मी स्वतः गेले होते ती लग्नानंतर लगेच, नऊवारी, नथ आणि पाठीवर रुळणारा शेपटा अशा थाटात. पुढे लेस्टरला धुवायचा कंटाळा म्हणून तो शेपटा मी कापून टाकला.

व्हिसाची मुदत जवळ आली. आमच्या वकीलबाई हार्पर, वॉटफर्डच्याच, फार सज्जन आणि सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की तुझं बँकेपासून डॉक्टरपर्यंतचं सगळं टपाल लेस्टरला येतंय, तेव्हा घर वॉटफर्डलाच आहे आणि संसार खरा आहे, हे दाखवणारं आणखी काही हवं. दोघांच्या नावाची पत्रं, एकत्र फोटो, ओळखीच्या लोकांचे दाखले. माझा प्रबंध तोंडावर आलेला. (विषय सांगते, हसू नका: हॉस्पिटलच्या नोंदींमध्ये एकच माणूस दोन नावांनी आला असेल तर ते ओळखायचं कसं.) समीरच्या ऑफिसात कसलंसं लाँच होतं. सासूबाई म्हणाल्या, “माझ्यावर सोडा.” आम्ही दोघांनी, शिकल्यासवरलेल्या माणसांनी, सोडलं.

शुक्रवारी दुपारी मी लायब्ररीत असताना हार्परबाईंचा फोन आला. आधी त्यांनी मी बसलेय का ते विचारलं. मग त्या अतिशय हळुवारपणे म्हणाल्या, “पल्लवी, तुला मधुराबद्दल माहिती आहे का?”

“हो, माहिती आहे की.”

हार्परबाई खाकरल्या. “आणि तुझी काही हरकत नाही?”

“सुरुवातीला जरा विचित्र वाटलं,” मी म्हटलं, “पण सासूबाईंची फार इच्छा होती.”

“सासूबाईंची,” त्या पुटपुटल्या. कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. “आणि समीर?”

“त्याने तर सगळ्यांसमोर, मांडवात...” इथे कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला! मी घाईघाईने खुलासा करायला लागले, पण हार्परबाईंना आता थांबवणं अवघड होतं. त्यांनी फाइल वाचायला घेतली. लेलेकाकूंचं पत्र: समीर आणि मधुरा हे आदर्श जोडपं असून मधुरा रोज संध्याकाळी सासूला फिरायला नेते. शेजारच्या डोरीनचं पत्र: मधुरा दर बुधवारी योगवर्गाला जाते आणि सुट्टीच्या दिवशी बॅगा घेऊन येणारी त्यांची एक पाहुणी आहे, तीही बरी वाटते. ती पाहुणी मी! फोटोंची तर गंमतच. प्रत्येक फोटोत मध्ये सासूबाई, एका कडेला समीर आणि दुसऱ्या कडेला अर्धी मी.

मग हार्परबाईंचा सूर बदलला. त्या म्हणाल्या, हे असं पाठवलं तर अर्ज नाकारला जाईल, आणि न पाठवावं तर हातात पुरेसं काही नाही. मुदत पुढच्या आठवड्यात संपतेय. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, याचं काहीतरी ठोस आणा. मी फोन ठेवला आणि पुढचं सगळं डोळ्यांसमोर आलं. डिग्री अर्धवट टाकून नाशिकला परत, समीर इकडे, मी तिकडे, आणि कारण काय, तर माझ्या नवऱ्याचा माझ्याशीच असलेला संसार! मी घाबरले होते आणि तितकीच चिडले होते. एम-वन महामार्गावरच्या बसमध्ये बसून मी सासूबाईंना ऐकवायची वाक्यं पाठ करत वॉटफर्डला पोचले.

घरात शिरल्याशिरल्या मी सुरुवात केली. समीरने सगळं ऐकलं आणि गोंधळून म्हणाला, “पण मी एकच बायको केलाय, यार.” सासूबाईंना तर यात अडचण काय तेच कळेना.

“अगं, मधुरा म्हणजे तूच ना?”

“ते आपल्याला माहीत आहे, आई. सरकारला नाही.”

“मग सांगू की त्यांना. त्यात काय.”

“कशावरून सांगणार? नाव बदलल्याचा कागद कुठे आहे आपल्याकडे? नाव लिहिलंय तांदळात!”

हे बोलले आणि तिघांच्याही मनात एकच फोटो आला. समीरने छताकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या की तो फोटो केव्हाच हरवला. मग उठून भांडी आवरायला लागल्या. जरा वेळाने ओले हात पदराला पुसत वर गेल्या आणि साड्यांच्या घडीतून तो फोटो काढून आणून माझ्यासमोर ठेवला.

“फाडणार होते,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं या देशात काढली आणि मुलाला आईच्या भाषेत सुनेचं नाव लिहिता येत नाही. लोक हसले ते त्याला नाही, मला हसले.”

मी पाठ केलेलं एकही वाक्य मला बोलता आलं नाही. समीर आईशेजारी बसला आणि त्याने तिचा ओला हात हातात घेतला. काही बोलला नाही ते बरंच झालं, बोलला असता तर पुन्हा व्याकरणाची पंचाईत झाली असती.

सोमवारी आम्ही तिघं हार्परबाईंसमोर. फोटोत पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधलेली मी अगदी स्पष्ट, शेजारी जीभ बाहेर काढलेला समीर, आणि पुढ्यात ताटभर तांदळात, कुठल्याही इंग्रज माणसाला लांबून वाचता येतील अशी ठसठशीत अक्षरं. समीरने त्या दिवशी शुद्ध मराठीत लिहिलं असतं तर आज आमची धडगत नव्हती! हार्परबाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“हा तांदूळ आहे? बासमती?”

“आंबेमोहोर,” सासूबाई म्हणाल्या. सरकारदरबारी चुकीची माहिती जाऊ नये याबद्दल त्या दक्ष असतात.

पण हार्परबाईंचं समाधान एवढ्यावर झालं नाही. पल्लवी आठवडाभर लेस्टरला असते, तर मग रोज संध्याकाळी तुम्हाला फिरायला कोण नेतं? बुधवारी योगाला कोण जातं? लाडू कोणी केले?

सासूबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. “मीच,” त्या म्हणाल्या. “एकटीच जाते. समीर उशिरा येतो. घर रिकामं असतं. लोक विचारतात, सून आली ना आता, मग दिसत कशी नाही? मग मी सांगते की आहे, घरात आहे, मला फिरायला नेते.” मी बघितलं तर त्या माझ्याकडे बघत होत्या. “मधुरा नाही कुणी. ही आहे. पल्लवी. चांगली मुलगी आहे, फटकळ आहे, शिकतेय. हिला लाडू येत नाहीत. हे लिहून घ्या.”

मला रडू आलं. हार्परबाईंनी ते खरंच लिहून घेतलं. वर म्हणाल्या की अख्ख्या फाइलीत हेच एक वाक्य पटण्यासारखं आहे, कारण खोटी सून उभी करणारी सासू असं कधी सांगणार नाही. त्यामुळे मला लाडू येत नाहीत, ही माहिती आता ब्रिटिश सरकारच्या दप्तरात कायमची आहे. लेलेकाकूंना आणि डोरीनला पत्रं बदलून द्यायला सांगायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं आणि दोनच दिवसांत नवी पत्रं आणली. त्यांना काय सांगितलंत, हे मी आनंदाच्या भरात विचारलं नाही. (मी काहीच शिकत नाही.)

व्हिसा वाढला. प्रबंधही झाला. एकच माणूस दोन नावांनी नोंदला गेला असेल तर तो ओळखण्याची माझी पद्धत परीक्षकांना फार आवडली. मी लेस्टरची खोली सोडून वॉटफर्डला कायमची आले आणि दिवाळीच्या फराळाला सासूबाई आणि समीरबरोबर मंडळात गेले. जीन्स, आखूड केस, हातात दुकानातून आणलेल्या चकल्या. सासूबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अभिमानाने सांगितलं, “ही माझी सून, पल्लवी.”

सभागृहातल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मग बायका फार म्हणजे फारच प्रेमाने वागायला लागल्या. कुणी मला बसायला खुर्ची दिली, कुणी समीरकडे रागाने पाहिलं. तेव्हा मी सासूबाईंना कोपऱ्यात गाठून विचारलं की पत्रं बदलून घेताना नेमकं सांगितलं काय होतंत. त्या म्हणाल्या, “एवढंच, की फिरण्याचं, योगाचं काढा आणि मधुराच्या जागी आता पल्लवी लिहा. बाकी काही विचारू नका म्हटलं, मला लाज वाटत होती.”

निघताना लेलेकाकूंनी मला बाजूला घेतलं. माझा हात दाबून हळूच म्हणाल्या, “तू मनाला काही लावून घेऊ नकोस हं. पहिली फार गुणी होती, लाडू तर काय करायची! पण तूही शिकशील हळूहळू.”

मी खाली मान घालून ‘हो काकू’ म्हटलं. काय करणार? माझ्याच जागेवर मी दुसरी म्हणून आले होते, आणि पहिलीचे लाडू खरंच अप्रतिम होते.