गॅरेजच्या भिंतीचे झाप

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे झाप विणणं. संध्याकाळी अंगणात बसलो होतो. माडाची भिजवलेली चुडतं, म्हणजे झावळ्या, मी फोडून देत होतो, ती विणत होती. आमच्याकडे पावसाआधी भिंतीला बाहेरून असे झाप बांधतात, जांभ्याच्या चिऱ्यावर समुद्राकडून येणारी झड बसू नये म्हणून.

माझी रिक्षा विकल्यावर गॅरेज रिकामं पडलं. गुडघ्यांमुळे तिला घराच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून तिची खाट गॅरेजात टाकली. तिथे उन्हाळ्यात जीव जायचा. शिरोड्याच्या एका लॉजात बघितलं होतं, तसं गेल्या वर्षी मी भिंतींना आतून थर्माकोल लावलं, वर प्लास्टिक, वर प्लायवूड. कुठे फट ठेवली नाही. थंडगार झालं. येईल त्याला दाखवत होतो.

तेव्हाच ती म्हणाली होती, "भायरसून झाप बांधा. आणि आतसून चिऱ्याक वारो लागांदेत."

मी म्हटलं, "झाप बांधूक आपण भिकारी आसंव काय गो?"

"भिकाऱ्याची उशी तरी सुकी आसता."

पावसाळाभर चिरा बाहेरून पाणी प्यायला. ते आत कोंडलेलं पाणी जाणार कुठून? दिवाळीनंतर ती खोकायला लागली. खोलीत कुबट वास यायचा. मी अगरबत्ती लावायचो, आणि वर तिलाच बोलायचो, खिडकी उघडत नाहीस म्हणून.

यंदा तिने मला विचारलंच नाही. चुडतं भिजत घातली आणि विणायला बसली. मी मुकाट फोडून देत राहिलो. पण 'बांधतो' एवढं तोंडातून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. खोकल्याचं मी त्यांना विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं.

अग्नी देऊन आलो. दुसऱ्या सकाळी गॅरेजात गेलो आणि तिच्या उशाकडचं प्लायवूड पहारीने उपटलं. बाहेर वैशाख, माती तडकलेली, आणि प्लास्टिकमागे चिरा ओला. थर्माकोल काळं पडलेलं. बोटं बुरशीने भरली.

शेजारची म्हातारी सुतकाच्या घरी चहा घेऊन आली होती. दारात थबकली. "सुतकात खिळे काढतस रे? लोक काय म्हणतले?"

"लोक काय म्हणतले म्हणानच ह्या झाला," मी म्हटलं.

म्हातारी चहा ओट्यावर ठेवून गेली.

सगळं प्लास्टिक ओढून बाहेर टाकलं. खाट, गादी, उशी उन्हात काढली. मग सुंभ घेतलं आणि समुद्राकडच्या भिंतीला तिचे झाप बांधले. एक अर्धाच विणून राहिला होता. तोही बांधला.