पूर्ण दिवसांची

टॅक्सी चाळीच्या तोंडाशी उभी होती. बाबा डिकीत बॅगा कोंबत होते आणि मी तीन महिन्यांच्या इराला छातीशी धरून जिना उतरत होते. वर गॅलरीत आई शेजारच्या सावंतकाकींना सांगत होती, "दिवस भरायच्या आतच झाली ना, म्हणून अंग धरलं नाही अजून." माझं डोकंच फिरलं. पण विमानाची वेळ झाली होती, निघताना भांडण नको, म्हणून तशीच टॅक्सीत बसले. लेहला परत येऊन दीड वर्ष झालं, तरी तो राग गेलेला नाही. म्हणून आई, हे लिहिते आहे. माझ्यासारख्या लग्न होऊन लांब गेलेल्या मुलींनीही वाचावं.

इरा पूर्ण दिवसांची आहे. परळच्या हॉस्पिटलात माझ्या उशाशी तूच होतीस. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं, दिवस भरलेत, मूल ठणठणीत आहे, फक्त वजन जरा कमी आहे. तरी बारशाला तू येईल त्या बाईला भलतंच सांगत सुटलीस. का, तर सावंतकाकी पाळण्यात वाकून म्हणाल्या होत्या, "एवढंसंच चेडू? पोटुशी असताना हिनं काय खाल्लंन नाय की काय?" लेकीला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून तू माझे दिवसच कमी करून टाकलेस.

निखिलशी लग्न झालं, त्याचं सोलरचं काम लेहमध्ये, म्हणून मी काळाचौकी सोडली. पहिल्या आठवड्यात भांडी घासतानाही धाप लागायची. मग सवय झाली. दिवस गेले तेव्हा इथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. हवा विरळ, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी. आईचं शरीर जास्त श्वास घेतं, रक्त वाढवतं, वारेतून बाळाला होईल तेवढं पोचवतं. तरी खालून आलेल्या बायकांची मुलं बहुधा थोडी लहानच जन्मतात. हे सगळं मी तुला फोनवर सांगितलं होतं. तू म्हणालीस, "ते राहू दे, तू तूप खातेस ना?"

आमची घरमालकीण यांगचेन माझ्याबरोबरच गरोदर होती. तिचा मुलगा छान गुटगुटीत झाला. त्याचा फोटो मोबाइलवर आला तेव्हा तू म्हणालीस, "तो पण त्याच हवेतला ना? मग तुझंच काय बिनसलं?" आई, तिच्या पणजीच्या पणज्या याच हवेत बाळंत झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या बायकांच्या गर्भाशयाकडे रक्त जास्त वाहतं, ते त्यांच्या अंगातच उतरलंय. माझ्या पणज्या मालवणात समुद्राकाठी मासे निवडत बसायच्या. जे कमवायला यांगचेनच्या माणसांना कितीतरी पिढ्या लागल्या, ते माझं शरीर बाळंतपणाला माहेरी येईपर्यंतच्या आठ महिन्यांत करायला बघत होतं. नुसती पडून राहिले तरी छाती भात्यासारखी चालायची. त्या कष्टांची तुला चारचौघींत लाज वाटली.

चाळीची मला अजून आठवण येते. मला कावीळ झाली तेव्हा याच सावंतकाकी रोज पेज घेऊन यायच्या. इथे खिडकीबाहेर उघडे डोंगर, संध्याकाळी बुखारीची शेगडी पेटवायची आणि तिघांनी तिच्याभोवती बसायचं. गॅलरी नाही, कोणी डोकावत नाही. कधी कधी त्याने जीव कासावीस होतो. पण मग ते "दिवस भरायच्या आतच" कानात वाजतं.

मला पुन्हा दिवस गेलेत. फोनवर मुद्दामच बोलले नाही. या वेळी मी माहेरी येणार नाही. डॉक्टरीणबाई तपासतायत, काही वेगळं दिसलं तर त्याच खाली पाठवतील. नाहीतर बाळंतपण इथेच. तू इकडे ये. सुरुवातीला तुलाही धाप लागेल, नुसती पडून राहा, मी करीन सगळं. पण आधीच सांगते. घर म्हणजे काळाचौकी, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. आता माझ्या मुलांच्या वजनाची सबब जिथे कोणाला द्यावी लागत नाही, ते माझं घर. हे मूल लहान झालं तर लहान आहे म्हणायचं, आणि दिवस पूर्ण भरलेत म्हणायचं. इराचंही तेच, सावंतकाकींच्या तोंडावर सांगायचं. सांगून झालं की फोन कर. मग तुझं तिकीट काढते.