शकीलच्या स्क्रीनवरचं बोंड

आज शकीलवर लय जळलो, दोस्तहो.

अकोल्याच्या स्टुडिओत आमी दोघं एका बियाण्याच्या जाहिरातीचं ॲनिमेशन करून राहिलो. त्याच्या जुन्या कम्प्युटरवर कपाशीचं बोंड सरसर फुटे, माझ्या नव्यावर अडकत-अडकत. सकाळपासून मी फायली हटवल्या, दोनदा रिस्टार्ट केलं.

शेवटी नाक मुठीत धरून विचारलं, "काहून बे, तुयं कसं पळते?"

तो हसला. "मी काम करताना प्रिव्ह्यू धूसर ठेवतो. तू पूर्ण क्वालिटीत पाहून राहिला, म्हणून मशीनवर लोड येते."

तेल्हाऱ्याच्या आमच्या वावरात औंदा अळीनं बोंडं खाल्ली. स्क्रीनवरचं तरी मले साफ फुटताना पाहायचं होतं. हे त्याले सांगितलं नाही.

प्रिव्ह्यू धूसर केला, बोंड झटक्यात फुटलं. थँक्यू म्हणायचं सोडून मी म्हटलं, "मले माईतच होतं."

तुमी कधी असं खोटं बोलले का?