खाटा भरायला माणसं पाहिजेत

नर्सिंग पास झाले त्या दिवशी मायनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, आणि तिथूनच माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. "कुठं लागली मंग?" किराणावाला विचारे, एसटीचा कंडक्टर विचारे, ज्याला स्वतःची पोरगी कोणत्या वर्गात हाय ते माहीत नाही तोही विचारे. कळंबपासून पुसदपर्यंत मी एक दवाखाना सोडला नाही. सगळीकडं एकच सवाल, "एक्सपीरियन्स आहे का?" अरे बाबा, कुणी कामावर घेतल्याशिवाय अनुभव काय झाडाला लागतो? एका डॉक्टरला मी हे तोंडावर विचारलं. तो हसला, चहा पाजला आणि "जागा निघाली की कळवतो" म्हणून वाटेला लावलं.

गावात मात्र माझ्या अनुभवाचं कुणाला काही पडलं नव्हतं. डॉक्टरनं लिहून दिलेलं इंजेक्शन टोचायला, म्हाताऱ्याचा सडलेला अंगठा धुवायला, पोराचा ताप मोजायला "सिस्टर, ओ सिस्टर" अशी हाक यायची. काम झालं की त्याच दारात तोच सवाल, कुठं लागली मंग? सोयरीक घेऊन येणारे पोहे खाऊन सांगून जात, नोकरी लागली की कळवा. लग्न नोकरीपाशी अडलं, नोकरी अनुभवापाशी अडली आणि मी डालीखाली झाकलेल्या कोंबडीसारखी घरात. बाप गवंडीकामावर जाई, माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाई. मला नर्स करायचं हे मायचंच खूळ होतं. तिला नावापुरती सही येते, पण "स्टाफ नर्स" हे दोन शब्द ती असे म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, आमच्या घरी कलेक्टर निपजला.

एक दिवस मी जिथं शिकले तिथल्या हॉस्पिटलच्या मेट्रन बाईंचा फोन आला. इन्स्पेक्शन आहे, ड्रेस इस्त्री करून ये. कमिटीनं पास केलं की नवीन वॉर्ड सुरू होईल, तुलाच पहिली घेऊ. मग बाई म्हणाल्या, "आणि येताना पाच पेशंट घेऊन ये."

"कुठले पेशंट मॅडम?"

"तुझ्या गावातले गं. नुसतं झोपायचं तर आहे. टेम्पो पाठवते, जेवण देते."

मला काही फार नवल वाटलं नाही. शिकत होते तेव्हाही तपासणीच्या दिवशी वॉर्ड असाच माणसांनी भरायचा, आणि दुसऱ्या दिवशी आम्हीच पोरी गाद्या गुंडाळून ठेवायचो. तेव्हा गंमत वाटे. आता नोकरी त्याच गादीखाली होती, म्हणून मी दारोदार फिरले. कापसाची वेचणी ऐन भरात आलेली, हातपाय चालणारं एक माणूस मोकळं नव्हतं. चार म्हातारी माणसं कशीबशी कबूल झाली. पाचवं मिळेना. माय म्हणाली, "येतो मीच. एका दिसाची वेचणी बुडली तं बुडली."

वॉर्डात प्रत्येकाला एक खाट आणि एक आजार मिळाला. आमच्या शेजारच्या बुढ्या आबाच्या वाट्याला टायफॉइड आला तर तो भांडायलाच उठला. "मले मलेरिया दे, टायफॉइडवाल्याले भात देत नाहीत!" मायच्या कार्डावर "ताप, तिसरा दिवस" असं लिहिलं. ती गळ्यापर्यंत चादर ओढून ताठ पडली होती. उभ्या जन्मात दिवसाढवळ्या ती पहिल्यांदाच आडवी झाली असेल. माझ्याकडं पाहून तिला हसू येत होतं. माझ्या छातीवर "स्टाफ नर्स" असा बिल्ला होता ना.

हात रिकामा दिसू नये म्हणून मी तिच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. आकडा पाहिला आणि मशीनच बिघडलं असं वाटलं. दुसऱ्या हाताला बांधला. दोन्हीकडं दोनशेच्या वर.

"माय, डोकं दुखते का तुहं?"

"थे तं दिवाईपासून दुखते. उन लागते ना वावरात."

मी राउंडवरच्या डॉक्टरला गाठलं. तोही आमच्यासारखाच एका दिवसापुरता आणलेला. आकडा ऐकून त्याचा चेहरा उतरला, पण दाराकडं पाहत तो म्हणाला, "कमिटी जाऊ द्या, मग बघू." मायनं माझ्या ड्रेसचा काठ ओढला. "गप राय ना वं. तुले लावून घेतीन थे लोक आज. उगाच बोलशीन काई."

मी गप राहायचं ठरवलं होतं, खरं सांगते. पण कमिटीचे साहेब नेमके आमच्याच खाटेपाशी थांबले. "पेशंटला काय आहे सिस्टर?" तोंडात कार्डावरचा "ताप, तिसरा दिवस" होता, बाहेर पडलं भलतंच. "सर, बीपी दोनशेच्या वर आहे. एकही औषध सुरू नाही." मेट्रन बाईंचं तोंड पांढरं पडलं. साहेबांनी स्वतः पट्टा बांधून पाहिला, मान हलवली. "बरोबर आहे. ट्रीटमेंट सुरू करा. स्टाफ अलर्ट आहे तुमचा." आणि ते पुढच्या खाटेकडं, टायफॉइडच्या आबाकडं गेले. झालं. माझं खरं बोलणंही त्या नाटकात बेमालूम बसून गेलं.

संध्याकाळी खिचडी खाऊ घालून सगळ्यांना टेम्पोत चढवलं. डॉक्टर तोवर निघून गेला होता. मी दुसऱ्या दिवशी मायला कळंबच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या मॅडमनी नीट तपासलं, गोळी सुरू केली आणि बजावलं, एक दिवससुद्धा चुकवायची नाही. चहासोबत रोज गोळी. पंधरवड्यात मायचं डोकं दुखायचं थांबलं, झोप लागू लागली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. एक तरी पेशंट माझ्या हातानं बरा झाला होता.

नोकरीचं मात्र "वॉर्ड सुरू होऊ दे, थोडं थांब" एवढंच. फोन केला की थांब. मग फोन उचलणंच बंद. आणि जवळपास वर्षानं, पुन्हा वेचणीच्या दिवसात, बाईंचाच फोन. पुन्हा कमिटी आहे. "आणि तुझ्या आईला नक्की आण बरं का. साहेबांना तो पेशंट फार आवडला होता. खरं बीपी! या वेळेस ऑर्डर हातात देते."

मी मायला हे सांगितलं ते हसावं म्हणून. ती हसली नाही. "जाऊ ना मंग," म्हणाली.

टेम्पो यायचा त्या दिवशी मी ड्रेस घालून, केस बांधून तयार होते. माय चुलीपाशी कपाळ दाबत बसली होती. मला शंका आली. फडताळातलं गोळ्यांचं पाकीट काढलं तर त्यात असायला नको इतक्या गोळ्या.

"माय, गोळी नाही घेतली तू?"

ती चुलीत लाकूड सारत राहिली.

"काहून नाही घेतली?"

"गोळी घेतली का बीपी निंघत नाही ना वं," ती हळूच म्हणाली. "साहेबानं पट्टा बांधला आन् काईच नाही निंघालं तं? मंग तुही नौकरी?"

माझं डोकंच फिरलं. मी इतकी ओरडले की शेजारीण कुडावरून डोकावली. "मरशीन ना माय! कायले पायजे मले अशी नौकरी?" तर ती माझ्यावरच उखडली. "मंग काय देऊ मी तुले? लोकं आपल्या पोरीले वशिला देतेत, ओळख देतेत. माह्यापाशी तं हे बीपीच हाय!"

मी तिच्या तोंडात गोळी घातली, पाणी दिलं आणि घोट उतरेपर्यंत समोरून हलले नाही. बाहेर टेम्पो हॉर्नवर हॉर्न देत होता. मी दारात गेले, म्हटलं, "जा तू दादा. आमी नाही येत."

"मॅडमले काय सांगू मंग?"

"सांग, पेशंट बरा झाला."

ड्रायव्हरला वाटलं मी मस्करी करते. टेम्पो गेला. मी तशीच, ड्रेसवरच, तिला घेऊन कळंबला गेले. तिथल्या मॅडमनी तिला चांगलं झापलं आणि दुपारपर्यंत बसवून ठेवलं. माय त्यांच्याशी बोलली, आयाशी बोलली, बाकावरच्या बायांशी बोलली. माझ्याशी नाही. येताना एसटीत तिनं तोंड खिडकीकडं ठेवलं. आज तिची पोरगी स्टाफ नर्स होणार होती, आणि ते पोरीनंच घालवलं.

दिवेलागणीला मी ड्रेस काढून खुंटीला टांगला. मायनं तो उतरवला, मांडीवर पसरला, हातानं सुरकुत्या काढत घडी घातली.

"पुढच्या बारीले गोळी खाऊनच जाऊ," ती म्हणाली. "पण जाऊ."